मिथेनच्या पोटी हिरा

स्वयंपाकघरातील शेगडीत जळणारा गॅस आणि अंगठीतील हिरा यांच्यात एकच समान धागा आहे, तो म्हणजे कार्बन. याच धाग्याला धरून शास्त्रज्ञांनी गेल्या सात दशकांत वायूपासून हिरा विणण्याची विद्या हस्तगत केली. आज तिने सराफा बाजारापासून संगणकाच्या हार्ड डिस्कपर्यंत आणि सुरतच्या कारखान्यांपासून क्वांटम प्रयोगशाळांपर्यंत मजल मारली आहे. या विद्येची ही ओळख.

मुंबई-पुण्यातील अनेक घरांमध्ये आता सिलिंडरची वाट पाहावी लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस पाइपमधून थेट ओट्यापर्यंत येतो. सिलिंडरमधील गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचा असतो; पाइपमधून येणारा मात्र मुख्यतः मिथेन असतो. गोबरगॅसमध्ये जळते तेही मिथेनच, आणि दलदलीतून बुडबुड्यांच्या रूपाने वर येते तेही मिथेनच. त्याच्या रेणूची रचना अगदी साधी आहे. मध्यभागी कार्बनचा एक अणू आणि त्याला चार दिशांनी जोडलेले हायड्रोजनचे चार अणू.

आता हिऱ्याकडे पाहू. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. शुद्ध हिऱ्यात कार्बनवाचून दुसरे काहीच नसते. तेव्हा एक कॅरेटच्या हिऱ्याला लागणारा सगळा कार्बन किती मिथेनमध्ये सापडेल, याचे गणित शाळेतील मुलगाही मांडू शकेल. सोळा ग्रॅम मिथेनमध्ये बारा ग्रॅम कार्बन असतो. या हिशेबाने सुमारे ०.२७ ग्रॅम मिथेन पुरेसे होते, आणि घरातील नेहमीच्या तापमानाला ते जेमतेम ४०० मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीत मावेल एवढ्या गॅसमध्ये एक कॅरेट हिऱ्याचा सारा ऐवज दडलेला असतो.

मग हिरा गॅसच्या भावात का मिळत नाही? कारण हिऱ्याचे मोल त्याच्या द्रव्यात नाही, रचनेत आहे. त्या बाटलीतील कार्बनचे अणू मोजायचे तर एकावर बावीस शून्ये लिहावी लागतील. यांतील प्रत्येक अणू नेमक्या जागी, नेमक्या कोनात बसवणे हाच या कारागिरीचा खरा खर्च आहे.

एक कार्बन, दोन रूपे

हिरा आणि कोळसा ही एकाच कुळातील भावंडे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हे नाते सिद्ध झाले ते अठराव्या शतकात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी १७७० च्या दशकात भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला. १७९७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी समान वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला, तर दोहोंपासून सारखाच कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो, हे मोजून सिद्ध केले.

फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. पेन्सिलीच्या शिशात असते ते ग्राफाइट. त्यात कार्बनचा प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो, आणि त्यातून षटकोनी जाळीचे सपाट थर तयार होतात. हे थर एकमेकांना अगदी सैल धरून असतात. म्हणूनच पेन्सिल कागदावर टेकवून ओढली की ते घसरून कागदावर उतरतात. हिऱ्यात मात्र प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि हे चारही बंध चतुष्फलकाच्या चार टोकांकडे रोखलेले असतात. थर नाहीत, सैलपणा नाही. संपूर्ण स्फटिक म्हणजे जणू एकच अखंड रेणू. हिऱ्याचा कठीणपणा, त्याची घनता आणि उष्णता वाहून नेण्याची विलक्षण क्षमता ही सारी या बांधणीची देणगी आहे.

निसर्गाचा एक नियम येथे आडवा येतो. आपण ज्या हवेच्या दाबात वावरतो, त्या दाबाला कार्बनचे स्थिर रूप ग्राफाइट हे आहे, हिरा नव्हे. घाटाच्या उतारावर एखाद्या खळग्यात अडकलेली शिळा जशी खाली जाऊ शकत असूनही तेथेच थांबते, तसा हिरा आपल्या हातात टिकून राहतो. त्याला खळग्यातून बाहेर ढकलण्याएवढी ऊर्जा नेहमीच्या तापमानाला मिळत नाही, म्हणून तो चिरंतन भासतो, एवढेच. पृथ्वीच्या पोटात, साधारण दीडशे किलोमीटर आणि त्याहून अधिक खोलीवर, दाब इतका प्रचंड असतो की तेथे हिरा हेच कार्बनचे स्थिर रूप ठरते. नैसर्गिक हिरे तेथे घडतात आणि ज्वालामुखीच्या उद्रेकासरशी किंबर्लाइट नावाच्या खडकातून वर येतात. यांतील बहुतेकांचे वय शंभर ते तीनशे कोटी वर्षे असते.

दाबाचा मार्ग

हिरा कृत्रिम रीतीने करायचा तर पृथ्वीच्या पोटाची नक्कल करायची, हा पहिला विचार. स्वीडनमधील आसिया या कंपनीच्या शास्त्रज्ञांना फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यात यश आले; पण कंपनीने ते जाहीर केले नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी १६ डिसेंबर १९५४ रोजी हिरा तयार केला आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये कंपनीने त्याची घोषणा केली. या कामगिरीबद्दल कंपनीकडून आपल्याला दहा डॉलरचा एक बचत रोखा मिळाला, असे हॉल पुढे सांगत.

ही पद्धत व्यापारात 'एचपीएचटी', म्हणजे उच्च दाब आणि उच्च तापमानाची पद्धत, या नावाने ओळखली जाते. ग्राफाइट, वितळलेला लोह-निकेलसारखा धातू आणि हिऱ्याचे बीज एका कुपीत ठेवून सुमारे ५० ते ६० हजार वातावरणांचा दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमान दिले जाते. ग्राफाइट धातूत विरघळते आणि बीजावर हिऱ्याच्या रूपाने साचते. फरशा कापण्याच्या चकत्यांवर, विंधनविहिरी खोदणाऱ्या यंत्रांच्या टोकांवर जे हिऱ्याचे कण असतात, ते बहुतांशी याच पद्धतीने तयार होतात. पण या पद्धतीत मिळतात ते सुटे कण किंवा खडे. एखाद्या वस्तूवर हिऱ्याचा पातळ थर चढवायचा असेल, तर अवजड दाबयंत्राचा काही उपयोग नाही. तेथे वायूचा मार्ग कामी आला.

अविश्वासाची तीन दशके

गंमत अशी, की वायूपासून हिरा करण्याचे पहिले यश दाबाच्या पद्धतीच्याच काळातील आहे. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीचे विल्यम एव्हरसोल यांनी १९५२-५३ च्या सुमारास हिऱ्याच्या बारीक भुकटीवरून तापलेला कार्बनयुक्त वायू कमी दाबाने सोडला आणि भुकटीचे वजन किंचित वाढल्याचे त्यांना आढळले. हिऱ्यावर हिराच वाढत होता. १९६२ मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. मात्र वाढीचा वेग अत्यंत मंद होता. शिवाय हिऱ्याबरोबर ग्राफाइटची काजळीही धरे आणि दर थोड्या वेळाने काम थांबवून हायड्रोजनने ती साफ करावी लागे.

सोव्हिएत संघात मॉस्को येथे बोरिस देर्यागिन आणि त्यांचे सहकारी, तर अमेरिकेत क्लीव्हलँड येथे जॉन अँगस हे याच वाटेने जात होते. अँगस यांनी १९६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरीही शास्त्रीय जगताने या कामाकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. ज्या दाबाला ग्राफाइट स्थिर आहे, त्या दाबाला हिरा वाढेलच कसा, हा सरळ आक्षेप होता. त्यात देर्यागिन यांचे नाव 'पॉलिवॉटर' या प्रकरणाशी जोडले गेले होते. पाण्याचे एक नवेच दाट रूप सापडल्याचा तो दावा अखेर अशुद्ध द्रव्यांचा परिणाम ठरला आणि १९७३ मध्ये देर्यागिन यांनी तो स्वतःच मागे घेतला. त्यामुळे त्यांच्या हिऱ्यावरही पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना.

हा अविश्वास दूर केला तो जपानने. त्सुकुबा येथील अकार्बनी पदार्थांच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत सेइइचिरो मात्सुमोतो, मुत्सुकाझु कामो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तापलेल्या तारेच्या साहाय्याने आणि १९८३ मध्ये मायक्रोवेव्हच्या साहाय्याने मिथेन-हायड्रोजनच्या मिश्रणातून हिरा वाढवून दाखवला. मुख्य म्हणजे त्यांनी आपली कृती इतकी तपशीलवार प्रसिद्ध केली, की कोणत्याही बऱ्यापैकी प्रयोगशाळेला ती पडताळून पाहता येई. जगभर ती पडताळली गेली आणि शंकेला जागा उरली नाही.

भट्टीत नेमके काय घडते?

या पद्धतीला रासायनिक बाष्प-निक्षेपण म्हणतात. बाजारात तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे 'सीव्हीडी' हे नाव रूढ आहे. निक्षेपण म्हणजे साचवणे. धातूच्या बंद पात्रातील हवा पंपाने काढून टाकतात आणि त्यात हायड्रोजन व मिथेन सोडतात. मिथेनचे प्रमाण शंभरात एक ते पाच भाग, बाकी सारा हायड्रोजन. ज्याच्यापासून हिरा व्हायचा तो वायू चिमूटभर आणि दुसराच वायू मणभर, हे पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. पण खरी किमया त्या हायड्रोजनचीच आहे.

पात्रातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहाव्या-विसाव्या भागाएवढा असतो. मायक्रोवेव्हच्या लहरी सोडल्या की वायू पेटल्यासारखा उजळतो आणि त्याचा प्लाझ्मा होतो. बहुतेक यंत्रांतील या लहरींची कंप्रता २.४५ गिगाहर्ट्झ असते. घरातील मायक्रोवेव्ह ओव्हन याच कंप्रतेवर चालतो. प्लाझ्माच्या त्या झगमगत्या गोळ्याखाली ७०० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या बैठकीवर हिऱ्याची बीजे मांडलेली असतात.

प्लाझ्माच्या उष्णतेने हायड्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू तयार होतात. सुटा हायड्रोजन अत्यंत क्रियाशील असतो. तो दिसेल त्याच्याशी बंध जोडू पाहतो. मिथेनवर आदळला की तो त्याचा एक हायड्रोजन हिसकावून घेतो आणि मागे उरतो तो मिथिल मूलक, म्हणजे एक हात मोकळा असलेला कार्बन. दुसरीकडे, हिऱ्याच्या पृष्ठभागावरील कार्बनच्या अणूंचे बाहेरचे हात हायड्रोजननेच झाकलेले असतात. हे झाकण असते म्हणूनच पृष्ठभाग आपली हिऱ्याची ठेवण सोडून ग्राफाइटकडे झुकत नाही. भटका हायड्रोजन येऊन असे एखादे झाकण उचलून नेतो आणि तेवढी जागा रिकामी होते. बहुतेक वेळा दुसरा हायड्रोजन येऊन ती लगेच भरतो. पण हजारो खेपांत कधीतरी त्या जागी मिथिल येऊन बसतो. मग त्याचेही हायड्रोजन एकेक करून काढले जातात आणि तो शेजाऱ्यांशी बंध जोडून स्फटिकाचा कायमचा सभासद होतो. कार्बनची एक वीट बसली.

सगळेच कार्बन शिस्तीने बसतात असे नाही. काही ग्राफाइटसारखी ठेवण धरतात. येथे हायड्रोजन दुसरी कामगिरी बजावतो. सुटा हायड्रोजन ग्राफाइटला हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने खातो आणि पुन्हा वायूत मिसळून टाकतो. चुकीची वीट काढली जाते, बरोबर बसलेली राहते. एव्हरसोल यांना जी सफाई काम थांबवून करावी लागे, ती येथे वाढीबरोबरच अखंड चालू असते. ग्राफाइट स्थिर असलेल्या दाबाला हिरा वाढतोच कसा, या जुन्या आक्षेपाचे उत्तर हे असे आहे. अंतिम स्थैर्य ग्राफाइटचे असले, तरी वेगाच्या शर्यतीत हायड्रोजन त्याला टिकू देत नाही.

ही विणकाम करणारी यंत्रणा सावकाश चालते. पूर्वी ताशी एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा वेग सर्वसाधारण मानला जाई. त्या वेगाने एक मिलिमीटर जाडीला सुमारे बेचाळीस दिवस लागत. वायूत नायट्रोजनचा अंश मिसळून, दाब आणि ऊर्जा वाढवून हा वेग पुढे कित्येक पटींनी वाढवण्यात आला. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये ताशी शंभर मायक्रोमीटरपर्यंत मजल मारल्याचे प्रसिद्ध केले. मात्र वेग वाढला की स्फटिकात दोष राहण्याची आणि त्याला तपकिरी झाक येण्याची शक्यता वाढते. दागिन्याचा खडा घडायला म्हणूनच अजूनही साधारण दोन ते चार आठवडे द्यावे लागतात.

बीज कोणते, यावर बरेच अवलंबून असते. हिऱ्याचीच पातळ चौकोनी चकती बीज म्हणून ठेवली, तर तिच्यावर त्याच ठेवणीचा एकसंध स्फटिक वाढतो. दागिन्यांसाठी हाच लागतो. सिलिकॉन, मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन कार्बाइडच्या पृष्ठभागावर हिऱ्याची भुकटी घासून थर वाढवला, तर असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा जोडून झालेला पापुद्रा मिळतो. तो अंगठीत शोभणार नाही, पण यंत्रांच्या जगात त्याचीच चलती आहे.

हिरा नव्हे, हिऱ्यासारखा

मिथेनपासून मिळणारी आणखी एक वस्तू आहे, जिची बाजारात चर्चा कमी आणि वापर मात्र फार मोठा. तिला 'डायमंड-लाइक कार्बन', म्हणजे हिरासदृश कार्बन, म्हणतात. हिऱ्याशी तिचे नाते अर्धेच आहे. तिच्यात स्फटिकाची शिस्त नसते. काही अणू हिऱ्याप्रमाणे चार शेजाऱ्यांशी, काही ग्राफाइटप्रमाणे तिघांशी जोडलेले असतात आणि मिथेनपासून केलेल्या लेपात अधूनमधून हायड्रोजनही अडकलेला असतो.

हा लेप चढवण्याची रीत वेगळी. येथे हायड्रोजनचा मारा नको असतो आणि प्रचंड उष्णताही नको असते. मिथेन किंवा अॅसिटिलिनचा प्लाझ्मा करतात आणि ज्या वस्तूवर लेप हवा, तिला ऋण विद्युत दाब देतात. प्लाझ्मातील धनभारित आयन त्या ओढीने वेगाने येऊन आदळतात आणि जेथे आदळतील तेथे रुततात. नीट रचून बसायला त्यांना सवडच मिळत नाही. पण आदळण्याच्या जोरामुळे बरेच बंध हिऱ्यासारखे होतात. हे सारे दोनशे अंश सेल्सिअसच्याही खाली घडू शकते. त्यामुळे पाणी दिलेल्या पोलादाची धार न उतरवता आणि काही प्लॅस्टिकवरही हा लेप चढवता येतो. खऱ्या हिऱ्याचा थर तेथे चढवणे अशक्य असते.

हा लेप हिऱ्याएवढा कठीण नसतो, पण पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो. शिवाय गुळगुळीत आणि निसरडा. दाढीच्या पात्यांच्या धारेवर, मोटारींच्या इंजिनातील पिस्टनच्या पिना आणि इंधन फवारणाऱ्या नळ्यांच्या भागांवर, मनगटी घड्याळांच्या काळ्या कवचांवर तो असतो. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर वाचक टोक तरंगत असते. त्या तबकडीवर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा कार्बनचा असाच लेप संरक्षक म्हणून असतो. आपल्या घरातील छायाचित्रे आणि कार्यालयातील नोंदी वर्षानुवर्षे शाबूत राहतात, त्यात या न दिसणाऱ्या लेपाचाही वाटा आहे.

अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मिथेनमध्ये भरपूर हायड्रोजन मिसळून केलेल्या लेपाचे घर्षण कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजले, तेव्हा ते जवळजवळ नाहीसे झाल्याचे आढळले. मात्र या लेपालाही मर्यादा आहेत. त्याच्या अंगात ताण साठलेला असतो, त्यामुळे जाड थर आपोआप सोलून निघतो. म्हणून तो काही मायक्रोमीटरच्या पुढे सहसा नेत नाहीत आणि खाली क्रोमियम किंवा सिलिकॉनचे अस्तर देतात. साधारण ३५० ते ४०० अंशांच्या पुढे तापला की त्यातील बरेच प्रकार ग्राफाइटकडे झुकू लागतात.

दागिन्यापलीकडचा हिरा

हिऱ्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे पाचपट आहे आणि तरीही तो विजेचा रोधक आहे. हा संयोग दुर्मीळ आहे. त्यामुळे लेझर आणि शक्तिशाली इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या खाली उष्णता पसरवण्यासाठी सीव्हीडी हिऱ्याचे तुकडे बसवतात. अॅल्युमिनियमची मिश्रधातू आणि कार्बन तंतूंचे साहित्य कापणाऱ्या हत्यारांवर त्याचा थर असतो. पोलाद कापायला मात्र तो चालत नाही, कारण तापलेले लोखंड कार्बनला आपल्यात विरघळवून घेते.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या अणुसंमीलन प्रकल्पात भारतही भागीदार आहे. त्यातील प्लाझ्मा तापवण्यासाठी प्रत्येकी एक मेगावॉट क्षमतेच्या मायक्रोवेव्हच्या झोतांची योजना आहे. हे झोत ज्या खिडक्यांतून जायचे, त्या मिथेनपासून वाढवलेल्या हिऱ्याच्या चकत्यांच्या असतात. दुसरी काच तेवढ्या माऱ्याने तडकेल. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत कणांच्या झोतांवर नजर ठेवणारे शोधकही याच हिऱ्याचे आहेत.

सर्वांत नवा उपयोग क्वांटम तंत्रज्ञानातील. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याच्या शेजारी एक मोकळी जागा, असा दोष असला की तो अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्राचीही दखल घेतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांत असे दोष वापरून क्वांटम सिद्धान्ताची कठोर परीक्षा घेण्यात आली. मुंबईच्या आयआयटीत याच तत्त्वावर चिपच्या अंतरंगातील चुंबकीय क्षेत्राचे चित्र घेणारे यंत्र घडवण्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसबरोबर सहकार्य करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.

खरा की खोटा?

सामान्य ग्राहकापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. हा हिरा खरा की खोटा? याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. मंगळसूत्राच्या वाट्यांत किंवा कुड्यांत बसवतात तो 'अमेरिकन डायमंड' हा झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा. त्यात कार्बन नाही, तो हिरा नव्हेच. मॉइसनाइट हे सिलिकॉन कार्बाइड. तोही हिरा नव्हे. सीव्हीडी हिरा मात्र रासायनिक, भौतिक आणि प्रकाशीय अशा सर्व दृष्टींनी हिराच असतो. सराफाच्या हातातील उष्णतावहन तपासणारे पेन त्याला हिराच म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. फरक जन्मस्थानाचा आहे.

तो फरक ओळखता येतो, पण नुसत्या डोळ्यांनी नव्हे. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांत गोळा होऊन बसलेले असतात. सीव्हीडी हिऱ्यात ते जवळजवळ नसतात. असा नायट्रोजनविरहित हिरा निसर्गात शंभरात एखाद-दुसराच सापडतो. म्हणून तपासणी यंत्रे आधी असे खडे बाजूला काढतात. नंतर अतिनील प्रकाशात त्यांच्या वाढीचे थर पाहतात आणि यंत्राच्या काचेतून शिरलेल्या सिलिकॉनच्या खुणा शोधतात. २०१२ मध्ये अँटवर्प येथील एका तपासणी प्रयोगशाळेत नैसर्गिक म्हणून आलेल्या खड्यांत शेकडो सीव्हीडी हिरे निघाले, तेव्हा या व्यापाराला मोठा हादरा बसला होता. सांगून विकलेला सीव्हीडी हिरा हा प्रामाणिक माल आहे. न सांगता विकलेला ही फसवणूक आहे.

या उद्योगात भारताचे स्थान मोठे आहे. दाबाच्या पद्धतीत चीन आघाडीवर आहे, तर सीव्हीडीमध्ये सुरत आणि परिसरातील कारखाने. केंद्रीय अर्थसंकल्पात १ फेब्रुवारी २०२३ रोजी बीजांवरील सीमाशुल्क रद्द करण्याची आणि देशी बीजे व यंत्रे विकसित करण्यासाठी एका आयआयटीला पाच वर्षे अनुदान देण्याची घोषणा झाली. हे काम मद्रास आयआयटीकडे आले आणि त्यासाठी सुमारे २४३ कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमेरिका दौऱ्यात जिल बायडेन यांना भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरवा हिराही प्रयोगशाळेतच घडलेला होता.

पण विपुलतेची दुसरी बाजूही आहे. यंत्रे वाढली तसे भाव कोसळले. डी बिअर्स या खाणमालक कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' या नावाने असे हिरे कॅरेटला ८०० डॉलर दराने आणले, तेव्हा तो दर धक्कादायक स्वस्त वाटला होता. २०२४ मध्ये तो ५०० डॉलरपर्यंत उतरवावा लागला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीने हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. दुसरीकडे नैसर्गिक हिऱ्यांची मागणीही मंदावली. कच्च्या मालाचा साठा वाढल्याने भारतीय व्यापारी संघटनांनी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२३ या काळात कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन केले. याची झळ सर्वांत आधी लागते ती घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या कारागिराला हिरा खाणीतला असो वा भट्टीतला, मेहनत तेवढीच पडते. पण खड्याचा भाव उतरला की त्याच्या मजुरीवर दडपण येते आणि मागणी आटली की त्याच्या सुट्ट्या लांबतात.

'पर्यावरणस्नेही' या विशेषणाचीही पारख करायला हवी. खाण खोदावी लागत नाही, हे खरे. पण सहा किलोवॉटचे एक मायक्रोवेव्ह यंत्र अखंड चौदा दिवस चालले, तर केवळ प्लाझ्मासाठी सुमारे दोन हजार युनिट वीज लागते. पंप आणि पाणी थंड ठेवण्याची यंत्रणा यांची वीज वेगळी. एका वेळी अनेक बीजे वाढत असल्याने हा भार विभागला जातो, तरी ती वीज कोळशाची की सूर्याची, यावर त्या हिऱ्याची खरी 'स्वच्छता' ठरते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये प्रयोगशाळेतील हिऱ्यांची जाहिरात करणाऱ्या आठ कंपन्यांना पत्रे पाठवून हिऱ्याचे मूळ स्पष्ट सांगण्याविषयी आणि पर्यावरणविषयक मोघम दाव्यांविषयी सावध केले होते.

घेताना काय पाहावे?

लग्नसराईत हिऱ्याची खरेदी करणाऱ्याने तीन गोष्टी आवर्जून कराव्यात. पहिली, हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुसरी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला मागावा आणि त्यावरील क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरला असल्यास भिंगातून ताडून पाहावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, परत विकताना किती रक्कम मिळेल, हे विकत घेतानाच विचारावे. प्रयोगशाळेतील हिरा आवड म्हणून घेण्यास काहीच हरकत नाही; सोन्यासारखी पुंजी म्हणून मात्र त्याकडे पाहू नये, कारण जी वस्तू हवी तेवढी घडवता येते, तिचा भाव घडवण्याच्या खर्चाच्या आसपासच येऊन थांबतो.

'हिरा तो हिरा, गार ती गार' असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आजही खरी आहे. फक्त हिऱ्याची जात सांगताना आता त्याचे जन्मगावही सांगावे लागते. मिथेनपासून घडलेला हिरा गार नव्हे, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. अंगठीतील त्याचे मोल उद्या आणखी उतरेलही. पण हार्ड डिस्कवरील लेप, संमीलन प्रकल्पातील खिडकी आणि क्वांटम यंत्रातील चकती यांच्यासाठी कार्बनची तीच बांधणी लागते आणि ती स्वस्त झाली तर सर्वांचाच लाभ आहे.